हेब्बाळे सरांचा सिरियस पेशंट

हेब्बाळे सरांच्या घरी कुणीही गेलं तरी त्याला आधी बैठका माराव्या लागत. पाणी, चहा, 'काय काम काढलंत' वगैरे सगळं नंतर. चपला काढून आत यायचं आणि दम लागेपर्यंत बैठका मारायच्या. मग सर त्याला खुर्चीत बसवायचे, त्याचं तोंड टेबलावरच्या एका लाकडी डब्याला लावायचे आणि म्हणायचे, "काय दिसतंय? खरं सांग."

गॅसची टाकी आणणाऱ्याने मारल्या, पोस्टमनने मारल्या. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका सद्गृहस्थांनी कडक इस्त्रीचं धोतर सावरत मारल्या आणि त्यांच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून "अहो गुडघा, अहो गुडघा" करत राहिल्या. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत सरांच्या समोरच्या घरात राहायला आलो. शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी म्हणून सुनंदाला, म्हणजे बायकोला, घेऊन गेलो. "मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो" हे वाक्य पुरं व्हायच्या आत मी बैठकीत होतो. सुनंदाला मात्र त्यांनी सूट दिली. साडी नेसलेल्या बायकांसाठी त्यांच्याकडे वेगळी सोय होती. त्यांना ते बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावत.

गल्लीत त्यांना 'बैठक डॉक्टर' म्हणत. खरं तर ते कुणाला औषध देणारे डॉक्टर नव्हतेच. मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत घरातले. घरात कानडी, बाजारात मराठी, त्यामुळे बोलण्यात दोन्हींची मिसळ असायची. माझ्याहून चांगले वीसेक वर्षांनी मोठे. मला पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, आणि सुनंदाला 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण. बायको जाऊन काही वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा शिवकुमार अमेरिकेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टॉर्च, आणि आवाज असा की ते घरात बोलले तरी आम्हाला आमच्या घरात उत्तर द्यावंसं वाटायचं.

या माणसाने सगळा जन्म एका प्रश्नाला दिला होता. शरीरावर ताण आला की डोळा काय करतो? मी पहिल्या दिवशी धापा टाकत खुर्चीत बसलो तेव्हा त्यांनी तो प्रश्न माझ्यापुढे टाकला.

"बैठका मारल्यास. आता तुझं रक्त उसळलंय. तोंड बघ, टमाट्यागत झालंय. मग डोळ्यात पूर का येत न्हाय?"

"नाही येत?"

"आला असता तर दिसलं असतं व्हय तुला? अरे, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या शिरा केसापरास बारीक. फुटायला पायजेत, पण फुटत न्हाईत. वरनं दाब वाढला की त्या आपल्या आपण आवळत्यात. दाब उतरला की सैल हुत्यात. आत येणारं रक्त जेवढ्याला तेवढं. मेंदूला विचारत न्हाईत, कुणाचा हुकूम घेत न्हाईत." मग माझ्या खांद्यावर थाप मारून ते म्हणाले, "डोळ्याला अक्कल हाय तम्मा, तुला न्हाय."

हे त्यांचं आवडतं वाक्य. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी ते कधी ना कधी ऐकवलेलं होतं. नगरसेवकालाही ऐकवलं होतं, आणि त्या वेळी बरीच माणसं मनापासून हसली होती.

आता त्या डब्याबद्दल. सुताराकडून करून घेतलेला, आत दिवा, दिव्यापुढे गडद निळी काच आणि तोंडाशी डोळ्यापुरतं भोक. आत बघितलं की नुसतं निळंशार दिसायचं. थोडं टक लावून बघत राहिलं की त्या निळ्यात बारीक चकचकीत ठिपके दिसायला लागायचे. सुळकन यायचे, वळायचे, नाहीसे व्हायचे. ते ठिपके डब्यात नसतात, आपल्याच डोळ्यात असतात. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पळणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या. आपलंच रक्त आपल्याला वाहताना दिसतं. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. गॅसवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, चिलटं गेलीत आत. फडकं मारा."

तर बैठकांच्या आधी ठिपके किती वेगाने पळतात आणि नंतर किती, एवढंच सरांना हवं असायचं. निरोगी डोळ्यात फारसा फरक पडू नये, असा त्यांचा हिशेब होता. अंगात वादळ आणि डोळ्यात शांतता. पण हे सिद्ध करायला माणसं पाहिजेत, आणि कष्टाची माणसं पाहिजेत. बर्फाच्या पाण्यात हात बुडवला की चढतो तसा मूठ घट्ट आवळून धरली तरी रक्तदाब चढतो. कोल्हापुरात सगळ्यांत जास्त मूठ कोण आवळतं? सरांच्या मते म्हशीची धार काढणारा गवळी. एका सकाळी डबा बॅटरीला जोडून ते दूध कट्ट्यावर, गिऱ्हाइकापुढेच धार काढून दूध विकतात तिथे, गेले आणि धार काढत बसलेल्या गवळ्याच्या डोळ्यांपुढे तो धरला. "हात थांबवू नको," ते म्हणाले. गवळ्याने थांबवला नाही. म्हशीने मात्र बाजूला मान वळवून तो निळा उजेड बघितला आणि लाथ घातली. ती सरांना न लागता डब्याला लागली. सरांना लागली असती तर परवडलं असतं, असं ते पुढे कित्येक दिवस म्हणत होते.

मग ते आमच्या गल्लीच्या तालमीत शिरले. बैठका मारणारी माणसं शोधायला कोल्हापुरात लांब जायला नको. गणपा वस्तादांनी परवानगी दिली. आपली पोरं डॉक्टरी शास्त्राच्या कामाला येणार म्हणून त्यांनी तालमीला नारळही फोडला. पण अडचण पहिल्याच दिवशी आली. सरांना आधी डोळ्यात टॉर्च मारून आतल्या शिरा बघायच्या होत्या, आणि पैलवान मान वर करेनात. वडीलधाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, ही तालमीची शिस्त. कोडोलीचा संभा पैलवान, दरवाजातून आडवा होऊन आत येणारा गडी, सरांपुढे नव्या नवरीसारखा खाली बघत बसला.

"वर बघ की!"

"नको जी. वस्ताद हाईत."

"वस्तादांनीच सांगितलंय बघ म्हणून."

"सांगतील जी. पर बघितलं की मारत्यात."

शेवटी सरांनी आपल्या कानामागे मारुतीची तसबीर टांगायला लावली आणि "देवाकडं बघ" म्हणून सांगितलं. मग मात्र सगळे डोळे वर झाले.

खरा घोटाळा पुढे झाला. डब्यात बघून बैठकांआधीचा आणि नंतरचा वेग सांगायचा होता. संभाने घाम गाळला, डब्यात बघितलं, आणि त्याला फरकच दिसेना. आता एवढ्या बैठका मारून काहीच फरक पडला नाही हे चारचौघांत, वस्तादांच्या देखत सांगायचं म्हणजे तालमीची अब्रूच की! तो दणकून म्हणाला, "लई पळत्यात डॉक्टर! वाऱ्यागत!" त्याच्या मागच्याने ऐकलं आणि त्याचे ठिपके वाऱ्याच्या पुढे गेले. पलीकडच्या पेठेतल्या तालमीला हे समजलं, तेव्हा तिथले पैलवान न बोलावता आले आणि आमच्या डोळ्यात तर दिसायच्या आत पळून जातात, असं सांगून गेले.

सर हताश झाले. त्यांनी सगळ्यांना लाल मातीच्या हौदाच्या कडेला बसवून समजावलं. बाबांनो, ही कुस्ती नव्हे. ठिपके पळाले नाहीत, वेग आहे तेवढाच राहिला, तर डोळा उत्तम. पैलवानांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी संभाने डब्यात बघितलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, "अजिबात हालत न्हाईत!"

"हालतच न्हाईत?"

"जागच्या जागी. एकबी न्हाय हाललेला."

"मग तू मेलाईस," सर म्हणाले, आणि डबा उचलून घरी आले.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले. सुनंदाने चहा दिला. कप खाली ठेवून ते एकदम म्हणाले, "तम्मा, तू चित्रं काढतोस न्हवं? दिसंल तेवढंच काढतोस, का मनचं घालतोस?"

"दिसेल तेवढंच," मी म्हटलं. थोडा दुखावूनच म्हटलं.

"मग उद्यापास्नं तू बघायचं आणि काढायचं."

असा मी त्यांच्या कामाला लागलो. तो डबा, समोर कागद, हातात पेन्सिल. आधी उजवा डोळा लावायचा, ठिपके कुठून येतात, कसे वळतात ते मनात धरायचं, आणि लगेच कागदावर बारीक रेघांनी काढायचं. मग डावा डोळा. नंतर बैठका, आणि पुन्हा तेच. मला ते काम आवडायला लागलं. आपल्याच रक्ताचं चित्र काढायला कुणाला मिळतं? उजव्या डोळ्याचं पहिलं चित्र झालं तेव्हा सर खूश होऊन ओरडले, "नोडु! नोडु तंगी!" म्हणजे बघ, बघ. मधे मोकळी जागा आणि भोवताली सगळीकडून नाचणाऱ्या बारीक रेघा, असं ते दिसत होतं.

मग मी डाव्याचं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते बघत राहिले. कागद फिरवून बघितला, खिडकीकडे नेऊन बघितला.

"इथं वरच्या कोपऱ्यात का न्हाय काढलंस?"

"तिथं काही नव्हतं."

"कंटाळा केलास?"

"नाही सर. नव्हतंच काही."

त्यांनी मला पुन्हा बघायला लावलं. बैठका न मारता, शांतपणे. मी पुन्हा काढलं आणि पुन्हा तो कोपरा मोकळाच राहिला. एरवी या वेळेपर्यंत त्यांनी माझ्या अकलेचा उद्धार केला असता. त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या शाळेत रजा टाक," ते म्हणाले. "मिरजेला जाऊया."

मिरजेचे डोळ्यांचे डॉक्टर सरांचे जुने विद्यार्थी. सर सोबत होते म्हणून की काय, त्यांनी मला दोनदा तपासलं. काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं दिसत राहतं आणि बाजूने चोरपावलांनी नजर जात राहते. डाव्या डोळ्याची थोडी गेलेली होती. उजव्याची नुकती सुरुवात. गेलेली परत येणार नाही, आहे ती राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि काहीही बघत नव्हतो. मी चित्रकला शिक्षक. शिवाय दर श्रावणात शाळा सुटली की कुंभार गल्लीत जाऊन गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा. बुबुळ केसभर सरकलं तर देव तिरळा दिसतो, म्हणून कुंभार ते काम मलाच देत. डोळे गेले तर माझ्याकडे उरतं काय? मी तसं सरांना विचारलंही. चांगलं रागावूनच विचारलं, जणू आजार त्यांनीच दिला होता.

जयसिंगपूर गेल्यावर सर म्हणाले, "तम्मा, तुझ्या डोळ्यात दाब जास्त हाय. रक्ताला आत यायला जड जातंय. दुसऱ्याचा डोळा सांभाळून घेतो, तुझ्या डोळ्याची अक्कल जरा कमी पडतीय. तिला आपण हात द्यायचा. औषधानं दाब उतरवायचा, की रक्त पोचतंय. रोज एक थेंब. चुकवायचा न्हाय. बास." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "थेंब मी घालणार. तुम्ही लोक औषध बरं वाटंपर्यंत घेता. ह्यात बरं वाटतच न्हाय, मग सोडून द्याल."

ते बोलणं मी मनावर घेतलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दार वाजलं आणि सर बाटली घेऊन उभे. तिसऱ्या दिवशीही. मग रोज. मी घरी नसलो तर जिथे असेन तिथे. शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांनी मला टेबलावर आडवा केला. बिद्रीला सुनंदाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त, मंगलाष्टकं चालू, आणि मांडवात गर्दीतून वाट काढत सर. माझी मान मागे करून थेंब घातला आणि ते जेवायच्या पंगतीची चौकशी करायला गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहताना बघून नवरीकडच्या बायका गहिवरल्या. पावणं किती हळवं हाईत, असं त्या भागात अजून माझ्याबद्दल बोलतात.

नियमही त्यांनी घातले. शीर्षासन करायचं नाही. मी जन्मात केलं नव्हतं. शंख फुंकायचा नाही. गळ्याशी आवळून काही बांधायचं नाही, कारण मान आवळली की डोळ्यातला दाब चढतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला टाय बांधावा लागला, तर सरांनी पहिल्या रांगेतून उठून स्टेजवर येऊन तो सैल केला. मग मुख्याध्यापकांकडे बघितलं आणि न विचारता त्यांचाही केला.

थेंब घालण्याची त्यांची एक पद्धत होती. खालची पापणी अंगठ्याने ओढायची, थेंब सोडायचा, डोळा मिटायला लावायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. औषध घशात उतरू नये म्हणून. दाबून धरलेलं असेपर्यंत मला हलता येत नसे, आणि सर बोलत असत. सुरुवातीला ते रक्ताभिसरणावर बोलायचे. मग गडहिंग्लजच्या बाजारावर. मग त्यांच्या पत्नीवर, गंगाक्कांवर. त्या ज्वारीची भाकरी किती पातळ थापायच्या आणि त्यांना डब्यात कधीच ठिपके दिसले नाहीत, कारण दोन मिनिटं एका जागी बसायला त्यांना सवडच नसायची. कोपरा दाबून धरायचा वेळ वर्षागणिक वाढत गेला. वैद्यकशास्त्रात एवढा वेळ सांगितलेला नसावा, पण मी डोळे मिटून ऐकत राहायचो.

एकदा मी सुनंदाला म्हटलं, "सर फारच मनावर घेतात माझ्या डोळ्यांचं."

तिने भाजी चिरता चिरता माझ्याकडे बघितलं. "त्यांच्याकडं हल्ली कोण जातंय का बघा की एकदा."

मी बघितलं. पोस्टमन पत्र दाराखालून सरकवून पळत होता. पत्रिका देणारे आमच्याकडे देऊन जात होते, "डॉक्टरांना द्या, आमचा गुडघा बरा न्हाय" म्हणून. तालमीतली जुनी पोरं संसाराला लागलेली आणि नव्यांना हे प्रकरण माहीत नव्हतं. इतकी वर्षं बैठका मारायला लावून सरांनी आपला उंबरा ओस करून घेतला होता, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. दिवसभरात ते बोलत ते फक्त आमच्याशी.

एव्हाना नवं शतक सुरू झालं होतं. मिरजेचे डॉक्टर दर तपासणीला समाधानाने मान हलवायचे. नजर होती तिथे थांबली होती. एकदा तर ते म्हणाले, "आता थेंब तुम्ही स्वतः घातला तरी चालेल की." मी हे सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "त्याला काय कळतंय? माझाच विद्यार्थी त्यो."

मग एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. सरांचा मुलगा शिवकुमार अमेरिकेतून बोलत होता.

"काका, एक विचारायचं होतं. तुमच्या गल्लीत बाबांचा कुणी सिरियस पेशंट आहे ना?"

"सिरियस पेशंट?"

"हो ना. मी दर वर्षी त्यांना इकडे कायमचं बोलावतो. दर वर्षी तेच सांगतात. एक पेशंट फार सिरियस आहे, त्याला टाकून येता येत नाही. मला विचारायला बरं वाटत नाही, पण... ते गृहस्थ अजून आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं. "मीच तो."

तो हसला, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला हसू टिकवता येईना. ज्या माणसाने मला नजर राखून दिली त्याला माझ्या आजाराची एवढी गरज असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. मी सुनंदाला सांगितलं. त्या दिवशी तिने सरांसाठी पातळ भाकरी थापायचा प्रयत्न केला, आणि सरांनी ती गंगाक्कांच्या जवळपासही जात नाही असं सांगून तीन खाल्ल्या.

पुढे त्यांचा हात कापायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. थेंब पापणीवर पडायचा, गालावर पडायचा, कधी कॉलरवर. मी "पडला, सर" म्हणायचो. ते कोपरा दाबून धरायचे, बोलायचे, चहा घ्यायचे, बाटली आमच्या टेबलावर ठेवायचे आणि जायचे. ते रस्ता ओलांडून आपल्या दारात पोचले की सुनंदा दुसरा थेंब घालायची. आमच्यात यावर कधी चर्चा झाली नाही. तिने पहिल्या दिवशी बाटली उचलली आणि मी मान मागे केली.

हे मला स्वच्छ सांगितलं पाहिजे. मी आज हे लिहितो आहे, लिहिलेलं वाचतो आहे, श्रावणात अजून कुंभार गल्लीत जातो आहे, ते या माणसामुळे. त्यांनी ना फी घेतली, ना आभार मानू दिले. आभार मानायला लागलो की म्हणायचे, "डोळ्याला सांग, त्यानं दम धरलाय."

मग एका हिवाळ्यात शिवकुमार स्वतः आला, वडिलांना घेऊन जायचंच असं ठरवून. चांगला मुलगा. वडिलांच्या आवाजाचा अर्धा आवाज आणि दुप्पट काळजी. बाबा एकटे असतात, हात कापतो, पडलेबिडले तर काय, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मला वाटलं, आता सर जाणार. संध्याकाळी दोघं आमच्याकडे आले. सरांनी टेबलावरची बाटली उचलली.

"बस तम्मा."

मी बसलो. त्यांनी पापणी ओढली. बाटली माझ्या डोळ्यावर हलत होती, आणि तिच्या मागे मला शिवकुमारचा चेहरा दिसत होता. थेंब गालावर पडला आणि हनुवटीपर्यंत गेला.

"पडला, सर," मी म्हटलं आणि डोळा मिटला. सरांचं बोट कोपऱ्यावर आलं.

"बघितलास?" ते मुलाला म्हणाले. "असा पेशंट टाकून मी यायचं कसं?"

मग शिवकुमारचा आवाज आला. त्याने मलाच विचारलं, "काका, हे औषध अजून किती दिवस चालणार?"

माझ्या एका शब्दावर सरांचं जाणं-राहणं होतं, आणि मला खोटं बोलावं लागलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. काचबिंदूचं औषध कधी सुटत नसतं. मी डोळा मिटूनच सांगितलं, "जन्मभर."

तो खुर्चीवरून उठल्याचं ऐकू आलं. मी दुसरा डोळा किलकिला केला तेव्हा तो वडिलांच्या हाताकडे बघत होता. कोरड्या डोळ्याचा कोपरा तो हात अजून जपून दाबून धरत होता. "मग बाबा, तुम्ही इथंच राहा," तो म्हणाला. "मीच येत जाईन दर वर्षी."

"मी तेच सांगतूया कवापास्नं," सर म्हणाले आणि चहाचा कप पुढे ओढला.

दोघं निघाले. शिवकुमार रस्ता ओलांडून पुढे गेला. सर पायरी उतरले, थांबले, आणि पुन्हा दारात आले. त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे आपण साधारण बोलतो तेवढा केला.

"तम्मा, तंगीला सांग. दुसरा थेंब घालतीय न्हवं मी गेल्यावर, तवा बाटली पापणीला टेकवू नगो म्हणावं. परवा तुझी पापणी लाल हुती."

"सर, तुम्हाला कधीपासून..."

"बाटली लवकर संपाय लागली तवापास्नं." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे एकदा बघितलं आणि तो खिशात घातला. मग गल्लीकडे तोंड करून विचारलं, "मग उद्या येऊ न्हवं?"

मी उत्तर द्यायच्या आत सुनंदा आतून म्हणाली, "या की, अण्णा. चहा टाकून ठेवतो."